न्यूनेनमध्ये राजाचा खटला

सासूबाई फेब्रुवारीत आमच्याकडे आल्या, त्या मे महिन्यात लंडन बघून जूनमध्ये साताऱ्याला परत जायचं ठरवून. लंडनचा व्हिसा झाला होता, हॉटेल ठरलं होतं. साताऱ्याच्या कॉलेजात त्यांनी आयुष्यभर इतिहास शिकवला होता आणि त्यातही त्यांचा सगळा जीव सतराव्या शतकातल्या इंग्लंडवर. का, असं विचारलं की म्हणायच्या, "आपल्याकडे तोरणा सर झाला आणि त्यानंतर काही वर्षांतच तिकडे लोकांनी आपल्या राजाला कोर्टात उभं केलं. इकडे एक राज्य उभं राहतंय, तिकडे एक कोसळतंय. मला शिकवताना कधी कंटाळा म्हणून आला नाही." ज्या दालनात तो खटला चालला, ते दालन अजून उभं आहे. ते एकदा डोळ्यांनी बघायचं, एवढीच त्यांची इच्छा होती.

मार्चमध्ये कोरोनामुळे सगळं बंद झालं. लंडन गेलं, परतीचं विमानही गेलं.

आमचं घर न्यूनेनमध्ये. आइंडहोवन या डच शहराला लागून असलेलं शांत, झाडीतलं गाव. नवरा चिप बनवणाऱ्या मशीनवर काम करतो, ते काम घरून होत नाही, त्यामुळे तो पाळीला जायचा. जेवणाच्या टेबलावर मी आणि माझं सॉफ्टवेअर टेस्टिंग, वरच्या खोलीत मुलगी आणि तिची ऑनलाइन शाळा. सासूबाईंना बसायला उरला तो जिना. इथले जिने शिडीसारखे उभे. मधल्या पायरीवर उशी टाकून त्या पुस्तक घेऊन बसायच्या, आणि कुणाला वर जायचं असलं की पाय आखडून घ्यायच्या. दोनेक दिवस त्या लंडनवरून रुसल्या. मग त्यांनी गावच बघायला घेतलं.

न्यूनेनमध्ये दोन चर्च आहेत. एक मोठं, कॅथलिकांचं. दुसरं प्रोटेस्टंटांचं, अगदी छोटं. एका दुपारी मोठ्या चर्चचं दार उघडं मिळालं. आत मूर्ती, मेणबत्त्या, रंगीत काचा. दुसऱ्या एका दिवशी छोट्या चर्चमध्येही डोकावायला मिळालं. तिथे पांढऱ्या भिंती आणि लाकडी बाकं. सासूबाई उंबऱ्याशीच थबकल्या.

"हे बघ," त्या मुलीला म्हणाल्या, "सगळं भांडण हेच होतं. अर्ध्या इंग्लंडला वाटायचं देवाचं घर सजलेलं असावं. अर्ध्यांना वाटायचं सजावट म्हणजेच पाप. आणि राजाला वाटायचं की सगळ्यांनी मी सांगेन त्याच पोथीतून प्रार्थना करावी."

मुलगी तेव्हा अकरा वर्षांची. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र डचमध्ये नाहीतर इंग्रजीत. तिने विचारलं, "अँड देन?"

"मग लढाई. मग खटला. मग राजाचं डोकं उडवलं."

मुलीने दोन्ही चर्चकडे एकदम आदराने पाहिलं.

आमचं मंडळ म्हणजे न्यूनेन आणि आसपासची काही मराठी घरं, एक व्हॉट्सॲप ग्रुप आणि एक अध्यक्ष. अध्यक्षांना आम्ही दादा म्हणतो आणि त्यांच्या बायकोला वहिनी. दोघंही पन्नाशीचे, इथे येऊन त्यांना वीसेक वर्षं झालेली. मंडळाचा पहिला गणपती दादांनी स्वतःच्या हँडबॅगेतून मांडीवर बसवून आणला होता. दर गणपतीत ते एक ऐतिहासिक नाटक बसवायचे आणि त्यात राजा तेच असायचे, कारण दाढी त्यांची स्वतःची होती. अध्यक्षही तेच असायचे. मंडळाची सर्वसाधारण सभा शेवटची कधी झाली ते कुणाला आठवत नव्हतं, आणि तसं कुणी विचारतही नव्हतं.

त्या वर्षी गणपती ऑनलाइन करायचा ठरला. बैठकीत दादा कळवळून म्हणाले, "आरती होईल, मोदक होतील. पण नाटक कसं करायचं? प्रत्येक जण आपापल्या घरात. तलवारीचा वार मी माझ्या घरात करणार आणि तो मरणार वेल्डहोवनमध्ये!"

मी लॅपटॉपसमोर होते. सासूबाई जिन्यावरून उठून माझ्या मागे आल्या आणि खुर्चीच्या पाठीवरून वाकून बोलल्या. "मी बोलू का? माझ्याकडे एक विषय आहे. त्यात कुणी कुणाला हात लावत नाही. सगळे आपापल्या जागी बसून बोलतात. कोर्टातला खटला आहे."

"राजाचं काम आहे का त्यात?" दादांनी विचारलं.

"राजावरच आहे सगळं."

"मग झालं तर! शेवट काय आहे?"

"रंगत जातं," सासूबाई म्हणाल्या.

गणपतीत इंग्रजांचा राजा कशाला, अशी कुरकुर झाली. सासूबाईंचं उत्तर तयार होतं. "त्यांनी आपल्यावर राज्य केलं ते पोरांना माहीत आहे. त्याच्या आधी त्यांनी स्वतःच्या राजाला जाब विचारला होता, ते माहीत नको?" मंडळाने नाटक मंजूर केलं.

दहा दिवसांत त्यांनी नाटक लिहिलं, मुलीच्या डच गणिताच्या कागदांच्या पाठकोऱ्या बाजूवर. मग माणसं नेमली. दादा राजा. वेल्डहोवनचा एक तरुण इंजिनियर, नुकताच पुण्याहून आलेला, सरकारी वकील. माझा नवरा मुख्य न्यायाधीश. खरा न्यायाधीश गोळीच्या भीतीने हॅटच्या आत पोलादी पत्रा घालून बसला होता, असं सासूबाईंनी सांगितल्यावर नवऱ्याने सायकलचं हेल्मेट काढलं आणि त्यावर काळं कापड शिवून घेतलं. न्यूनेनमध्ये हेल्मेट घालून सायकल चालवणारा मोठा माणूस तो एकटाच, त्यामुळे ते एकदाचं कामाला आलं म्हणून मलाच बरं वाटलं. निवेदन माझ्याकडे.

वहिनींना काम नव्हतं. त्या कधीच नाटकात नसायच्या. त्या पोशाख करायच्या आणि चहा बघायच्या. सासूबाईंनी त्यांना फोन केला. "खटला चालू असताना गॅलरीतून एक बाई ओरडली होती. तोंडावर मुखवटा घालून आली होती. वकील म्हणाला, हा खटला इंग्लंडच्या जनतेच्या वतीने आहे. तर ही वरून ओरडली की खोटं आहे, निम्म्या जनतेनेही तुम्हाला सांगितलेलं नाही. ते काम तुम्ही करा."

"अहो, मला नाही जमणार. एवढ्या लोकांत ओरडायचं?"

"मास्क आहे ना तोंडाला. घाबरायचं काय!"

राहिला जल्लाद. त्या कामाला कुणीच तयार होईना. दादांचं डोकं उडवायचं म्हणजे जरा अवघडच. तेवढ्यात आमची मुलगी जिन्याच्या वरच्या टोकावरून ओरडली, "इक बेन द ब्योल!"

"काय बेल?" सासूबाईंनी विचारलं.

"डचमध्ये जल्लादाला ब्योल म्हणतात," मी सांगितलं.

सासूबाईंनी क्षणभर नातीकडे पाहिलं आणि खुशीत मान डोलावली. "खऱ्या जल्लादानेही तोंड झाकलं होतं. तो कोण होता ते कुणाला कधी कळलं नाही. तुझंही आपण शेवटपर्यंत कळू द्यायचं नाही."

तालमी लॅपटॉपवर सुरू झाल्या. शेवट कळल्यावर दादा थोडे हिरमुसले, पण भूमिका मोठी होती आणि डोकं उडायच्या आधी एक लांब भाषणही होतं, म्हणून त्यांनी ते मनावर घेतलं नाही. खटल्यात एक जागा होती, ती सासूबाईंची सगळ्यात आवडती. भर कोर्टात राजाच्या छडीची चांदीची मूठ निसटून खाली पडते. राजा थांबतो. जन्मात त्याने स्वतः वाकून काही उचललेलं नाही. कुणीतरी उचलून देईल म्हणून तो वाट बघतो. कुणीच हलत नाही. शेवटी तो स्वतः वाकतो.

"याच्यावर मी कॉलेजात एक अख्खा तास घ्यायची," सासूबाई म्हणाल्या. "बाकी कायदा, धर्म, कर, सगळं बाजूला ठेवा. काळ बदलला तो इथे दिसतो."

दादांनी लाटण्याला चांदीचा कागद लावून छडी केली आणि टोकाला लिंबू बसवलं. तालमीत लिंबू पडलं. दादा थांबले. आणि बाजूने वहिनींचा हात चौकटीत आला आणि त्यांनी लिंबू उचलून दिलं.

"वहिनी, उचलायचं नाही!" आम्ही सगळे ओरडलो.

"अगं बाई, सवयीने झालं."

पुन्हा केलं. पुन्हा हात आला. तिसऱ्यांदाही. वहिनी स्वतःच हसून हसून बेजार झाल्या.

पुढच्या तालमीत मात्र बिनसलं. वकील झालेला तरुण जोरात होता. "या राजाने अकरा वर्षं पार्लमेंट बोलावलं नाही!" तो गरजला. "लोकांना विचारलं नाही! मनाला येईल तसा कारभार केला!" आणि तेवढ्यात चॅटमध्ये कुणीतरी लिहिलं, "आपली जनरल बॉडी कधी झाली होती?" खाली हसण्याची चित्रं पडत गेली. मलाही हसू आलं.

दादांनी ते वाचलं. त्यांचा चेहरा पडला. "माझी तब्येत बरी नाही," एवढंच म्हणून ते निघून गेले. थोड्या वेळाने निरोप आला की राजाचं काम दुसऱ्या कुणाला तरी द्यावं.

ग्रुपवर दोन तट पडले. कुणी म्हणे गंमत होती, कुणी म्हणे बरं झालं, एकदा बोलायलाच हवं होतं. नवरा म्हणाला, नाटक सोडून देऊ. सासूबाईंनी पायात बूट चढवले. "चल," त्या मला म्हणाल्या.

दादांचं घर आमच्यापासून चालत पाच-दहा मिनिटांवर. ते पुढच्या बागेत अर्ध्या चड्डीवर झुडपांचं कुंपण कापत होते. आम्ही फाटकाबाहेर, दीड मीटर सोडून, उभ्या राहिलो. त्यांनी कात्री थांबवली नाही.

"आम्ही आलो तेव्हा इथे कोथिंबीर मिळायची नाही," ते कुंपणाकडे बघतच म्हणाले. "नवीन माणूस आला की त्याला विमानतळावरून मी आणायचा. खेमेंतेत, म्हणजे नगरपालिकेत, नाव नोंदवायला मी न्यायचा, डॉक्टर मी शोधून द्यायचा. त्या वकिलाला सुद्धा पहिले आठ दिवस माझ्याकडे ठेवून घेतला होता. तेव्हा कुणी सभा बोलवा म्हणालं नाही."

ते खरं होतं. आम्हालाही त्यांनीच आणलं होतं.

सासूबाई म्हणाल्या, "मला खलनायक नकोय. तो मी कुणाकडूनही करून घेतला असता."

"मग मी कोण आहे नाटकात?"

"ज्या दिवशी त्याला मारलं, त्या दिवशी कडाक्याची थंडी होती. त्याने आत दोन सदरे घातले. का? तर थंडीने अंग थरथरलं तर लोकांना वाटेल राजा घाबरला."

कात्री थांबली. "दोन सदरे?"

"दोन. तो मनापासून समजत होता की आपण सगळ्यांचं भलं करतोय, आणि देवाने आपल्याला त्यासाठीच बसवलंय. समोरचेही मनापासूनच समजत होते की आता विचारलं पाहिजे. दोन्ही बाजू खऱ्या वाटल्या तरच नाटक उभं राहील. नाहीतर नुसती शाळेची बडबड होईल."

दादांनी कापलेल्या फांद्या पायाने बाजूला सारल्या. मग विचारलं, "आणि त्याला मारल्यावर त्या लोकांनी काय केलं? चांगलं चाललं का?"

"फारसं नाही. नाटकं बंद होती ती बंदच ठेवली. ख्रिसमसवरही बंदी."

"नाटकं बंद?" दादा एकदम ताठ झाले. "कशासाठी?"

"पाप म्हणून."

"बघा! आणि हे म्हणे लोकांच्या बाजूचे!" ते कात्री घेऊनच फाटकापर्यंत आले, मग अंतर आठवून दोन पावलं मागे सरले. "हे माझ्या भाषणात घालता येईल का?"

"घालू की."

खिडकीआड वहिनी उभ्या होत्या. त्यांनी आम्हाला हात केला आणि अंगठा वर करून दाखवला.

नाटकाच्या संध्याकाळी पाहुण्यांसकट पन्नासेक चौकटी पडद्यावर होत्या. सातारा होतं, पुणे होतं, आल्मेरे आणि रायस्वाइकहूनही काही ओळखीची घरं आली होती. आमच्या बाप्पापुढे मोदक ठेवून मी निवेदन सुरू केलं. नवरा हेल्मेटमध्ये घामाने निथळत होता. वकील कडक बोलला, पण या वेळी त्याने दादांकडे बघून आधी हात जोडले होते. दादा पाठ ताठ करून बसले होते, डोक्यावर टोपी, कुणापुढे ती काढायला तयार नाहीत. "कोणत्या अधिकाराने तुम्ही माझा न्याय करता?" असं त्यांनी शांतपणे विचारलं. हे ओरडून बोलायचं असं तालमीत ठरलं होतं. त्यांनी ते न ओरडता म्हटलं आणि ते कितीतरी चांगलं होतं.

वकील म्हणाला, हा खटला इंग्लंडच्या जनतेच्या वतीने आहे. आणि दुसऱ्या चौकटीतून, दादांच्याच टेबलाशी वेगळा लॅपटॉप लावून बसलेल्या, निळा मास्क लावलेल्या वहिनी अशा काही कडाडल्या, "खोटं! निम्म्या जनतेनेही सांगितलेलं नाही!" की नवऱ्याच्या हातातला हातोडा पडला. ते नाटकात नव्हतं. सासूबाईंनी माझा दंड घट्ट धरला. "अगं, काय आवाज आहे तिचा!"

मग लिंबू पडलं. दादा थांबले. वहिनींच्या चौकटीत दिसत होतं की त्यांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरलेत. दादा वाट बघत राहिले. आधी बाजूला पाहिलं, मग समोर, जणू आमच्याकडेच. मग ते हळू वाकले, गुडघ्यावर हात टेकून, आणि क्षणभर चौकटीत नुसती रिकामी खुर्ची दिसली. वर आले तेव्हा लिंबू हातात होतं आणि चेहरा असा, की सासूबाईंनी पदराने डोळे टिपले.

शेवट साधा होता. दोन सदरे घातलेले दादा भाषण करतात, मुलगी तोंड झाकून कॅमेऱ्यासमोर पुठ्ठ्याची कुऱ्हाड उचलते, खाली आणते, आणि त्याच क्षणी दादा आपला कॅमेरा बंद करतात. कुऱ्हाड खाली आली. दादांची चौकट काळी झाली. मी म्हटलं, "राजा गेला."

आणि त्या काळ्या चौकटीतून राजाचा आवाज आला, "अगं, जरा चहा टाक."

माइक बंद करायला ते विसरले होते.

वहिनींनी मास्क खाली केला. त्यांचाही माइक चालूच होता. "स्वतः टाका," त्या म्हणाल्या. "आत्ताच राजेशाही संपली."

पुढची काही मिनिटं नुसता हशा होता. पन्नास चौकटींत माणसं डोळे पुसत होती. साताऱ्याची माझी चुलत सासू तर खुर्चीवरून घसरून दिसेनाशी झाली. दादांनी कॅमेरा लावला, तेव्हा तेही इतके हसत होते की दाढी हलत होती. ते खरंच उठले आणि चहा करायला गेले, आणि साखरेचा डबा कुठे आहे ते विचारत परत आले.

आरतीनंतर दादांनी स्वतःच सांगितलं, की पुढच्या महिन्यात सर्वसाधारण सभा घेऊ. सभा झाली. दादांनी राजीनामा दिला आणि विचारलं, अध्यक्ष कोण होतंय? सगळ्यांनी एकदम आपापले माइक बंद केले. मी टेस्टिंगमधला एक तातडीचा फोन काढला. शेवटी वहिनी म्हणाल्या, "वकीलसाहेब, फार बोलत होतात ना?" आणि तो बिचारा पोरगा अध्यक्ष झाला. दिवाळीपर्यंत तो दादांना रोज फोन करत होता, मोठी पातेली कुणाकडे आहेत, हॉलवाल्याशी काय बोलायचं, रुसलेल्या माणसाला कसं परत आणायचं. दादा सगळं हौसेने सांगायचे. वहिनींना मात्र पुढच्या नाटकात थेट मुख्य काम मिळालं, आणि चहाची पाळी लावली गेली.

सासूबाईंना ऑक्टोबरमध्ये विमान मिळालं. दादा आणि वहिनी निरोपाला आले, फाटकाबाहेर दीड मीटरवर उभे राहिले. दादांनी वाकून नमस्कार केला, लांबूनच.

"लंडन राहिलं हो तुमचं," वहिनी म्हणाल्या.

"राहू दे," सासूबाई म्हणाल्या. "तिथे नुसतं दालन बघून आले असते."

पुढच्या उन्हाळ्यात निर्बंध सैल झाल्यावर आम्ही दोन्ही कुटुंबं शेवेनिंगेनच्या समुद्रावर गेलो. मारलेल्या राजाचा मुलगा परागंदा होऊन बरीच वर्षं परदेशांत भटकत होता, आणि शेवटी इंग्लंडने त्याला परत बोलावलं तेव्हा तो याच किनाऱ्यावरून जहाजात बसला, असं सासूबाईंनी आम्हाला बजावून सांगितलं होतं. तिथे पोचलो की व्हिडिओ कॉल करायचा, असा हुकूम होता. मी फोन लावला.

"नुसती वाळू काय दाखवतेस? पाणी दाखव. अजून वर. हां, तिकडे. त्या बाजूला इंग्लंड."

दादांनी हातातला तळलेल्या माशांचा द्रोण वहिनींकडे दिला आणि फोन उंच धरला. सासूबाई बोलू लागल्या. जहाजं, तोफा, किनाऱ्यावर जमलेली गर्दी. वारा इतका होता की त्यातलं निम्मंअधिक आम्हाला ऐकूच येत नव्हतं. दादांचा हात दुखला की मी धरत होते, मग वहिनी, मग मुलगी, आणि आम्ही सगळे पाण्याकडे बघत मान डोलवत होतो.